तंबू वाळेपर्यंत

घर बांधणे ही अखिल प्राणिसृष्टीत केवळ मनुष्याची थोरवी आहे. सुगरण, वाळवी, मुंगी, गांधीलमाशी आणि कोळी एवढे किरकोळ अपवाद सोडले तर हे विधान बिनतोड आहे. आणखी एक अपवाद होता, तो मल्हारी गांगुर्डे. हा मनुष्य असूनही त्यानं तीस वर्षांत, हात राखून मोजलं तरी, पाचशे वेळा घर उभं केलं आणि पाचशे वेळा मोडलं, आणि त्यातलं एकही त्याचं नव्हतं.

मल्हारी सरकारच्या एका खात्यात, सर्वे पार्टीवर तंबूचा खलाशी, म्हणजे तंबू ठोकणारा-मोडणारा गडी होता. खातं कोणतं ते विचारू नये. खात्यालाही ते नेहमी आठवत असे असं नाही. साहेब लोक दुर्बिणीतून डोंगर बघत, नकाशे काढत, इथं धरण होईल की नाही यावर संध्याकाळी वाद घालत. मल्हारी त्यांच्या डोक्यावर कापड धरी. धरण बहुतेक वेळा होत नसे. तंबू मात्र दर वेळी होई.

आणि त्याची बायको लताबाई नाशकात राही. इंदिरानगरच्या कडेला तेव्हा नुकत्या वसाहती पडत होत्या. तिथं दोन खोल्या, पुढं पडवी, पडवीपुढं एक रिकामा प्लॉट. प्लॉट मुंबईच्या कुणाचा तरी होता. त्या गृहस्थानं चार कोपऱ्यांना चार दगड पुरले आणि त्यानंतर तो दगडांनाही दिसला नाही. लताबाई बालवाडीत बाई होत्या. चाळीस पोरांची नाकं एका शब्दावर शिंकरून घेण्याची त्यांची ख्याती होती. मुलगी मैना इगतपुरीला दिली होती. म्हणजे घरात लताबाई, भिंतीवर बुद्धाची आणि बाबासाहेबांची तसबीर, आणि एक स्टोव्ह, जो पेटताना बोलत असे. बोलणारं तेवढंच.

मल्हारी वर्षातून दोनदा येई. तीन आठवडे उन्हाळ्यात, तीन आठवडे इतर कधीतरी. पावसाळ्यात सर्वे बंद पडे, साहेब लोक नाशकाला परतत. पण नदीचं पाणी किती चढलं ते मोजायला कुणीतरी मागं राहावं लागे, तो मल्हारी असे. लताबाईंनी एकदा बालवाडीच्या फळ्यावर हिशेब मांडून पाहिला. तीस वर्षांच्या संसारात नवरा घरी होता साडेतीन वर्षं. त्यांनी ते पटकन पुसलं आणि तिथं बदक काढलं.

पण प्रत्येक गोष्टीला अंत असतो, सरकारी नोकरीलासुद्धा. गावच्या मास्तरांनी मल्हारीची जन्मतारीख एक जून लिहिली होती. ती त्यांनी गावातल्या सगळ्यांचीच लिहिली होती, म्हैस व्यायल्याची तारीखही एक जूनच सांगत. त्या हिशेबानं १९८३ सालच्या एकतीस मेला मल्हारी निवृत्त व्हायचा होता. लताबाईंनी महिनाभर आधीपासून तयारी केली. आतल्या खोलीतली शिवणाच्या मशीनची जागा बदलली. भिंतीला एक खुंटी ठोकली. दुकानातून दुसरी उशी आणली आणि कुणी बघत नाही असं पाहून तिच्यावर जरा डोकं टेकवून पाहिलं.

एकतीस मेला दुपारी चारला मल्हारी आला. एकटा नव्हता. त्याच्यासोबत हातगाडी होती आणि हातगाडीवर तंबू होता.

"हे काय?" लताबाईंनी विचारलं.

"तंबू," मल्हारी म्हणाला. खोटं बोलण्याची त्याला सवय नव्हती.

झालं असं होतं. आदल्या दिवशी हरसूलजवळचा कॅम्प मोडताना वळवाची सर आली. ट्रक उभा होता, ड्रायव्हर भोंगा वाजवत होता. मल्हारीनं जन्मात पहिल्यांदा ओला तंबू घडी केला. आता खलाशाच्या धर्मात याहून मोठं पाप नाही. ओलं कापड घडीत कुजतं, काळे ठिपके धरतं, आणि पुढच्या वर्षी साहेबाच्या ताटात पाऊस पडतो. नाशकात स्टोअरवर नेला तर स्टोअरच्या भाऊसाहेबांनी शिवणीत दोन बोटं घातली, बोटं नाकाशी नेली आणि म्हणाले, "दमट. घरी न्या, वाळवा, मग आणा. तोवर तुमच्या नावावर."

"उद्यापासून मी नोकरीत नाय, भाऊसाहेब."

"तुम्ही नसाल. तंबू आहे."

तेव्हा समोरच्या रिकाम्या प्लॉटवर मल्हारीनं तंबू उभा केला. तो सोहळा बघायला अर्धी वसाहत जमली. मल्हारी घरात वावरताना दारांना, टेबलाला, मशीनला धडकत असे. पण इथं त्याचं एक पाऊल वाकडं पडेना. दोन खांब, वर आडवं लाकूड, त्यावर दुहेरी कापड, बाजूंना कनाती. मग चोवीस मेखा, लाकडी मोगरीचे प्रत्येकीला तीन घाव, चौथा नाही. तणावे ओढून त्यानं बोटानं एक दोर छेडला. तो तंबोऱ्यासारखा वाजला. शेजारच्या विमलाबाईंनी टाळी वाजवली.

संध्याकाळी लताबाईंनी हाक मारली, "या आत. भाकरी टाकलीय."

"इकडंच दे."

"अहो, पण झोपायला तरी..."

"सरकारी तंबू मोकळा सोडता येत नाय," मल्हारी म्हणाला. "नियम हाय. कुणीतरी आत झोपाया पायजे."

"कितीक दिवस?"

"वाळेपर्यंत."

आणि सात जूनला मृग लागला.

नाशकाचा पाऊस तसा सभ्य. हरसूल-पेठकडं तो रेड्यासारखा अंगावर येतो. नाशकात पोचेपर्यंत सरकारी पाहुण्यासारखा थकून, थांबत थांबत पडतो. पण थांबत थांबत पडणाऱ्या पावसाइतकं तंबूला वाईट काही नाही. सकाळी वाळायला लागलेलं कापड दुपारी भिजे, दुपारचं संध्याकाळी. मल्हारीनं तंबूभोवती वीतभर खोल चर खणला, पाणी नाल्याकडं काढून दिलं. सर आली की तो धावत बाहेर येऊन तणावे सैल करी, कारण भिजला की दोर आखडतो आणि मेख उपटतो. ऊन पडलं की पुन्हा ताणी. दिवसातून आठ-दहा वेळा. लताबाई पडवीतून बघत. या माणसाला एवढ्या मायेनं कुणाचं तरी सैल-घट्ट बघता येतं, हे त्यांना तीस वर्षांत कळलं नव्हतं.

जेवण त्या तिकडं पोचवू लागल्या. एका हातात ताट, एका हातात छत्री, पायांत चिखल. पडवीपासून तंबूच्या दारापर्यंत बावीस पावलं. त्यांनी मोजली होती.

"निघालात का कॅम्पवर?" विमलाबाई त्यांच्या खिडकीतून विचारत. "साहेबांना आज काय?"

"पिठलं."

"मग साहेब खूश. आमच्यांना सांगा की एखादा तंबू. आमचे तर रिटायर झाल्यापासून स्वयंपाकघरातच बसतात. मी मीठ किती घालते ते मोजतात."

लताबाई हसत. घरी येऊन दार लावलं की हसू उतरे. नवरा हरसूलला होता तेव्हा एक बरं होतं. तो का येत नाही हे एस.टी.च्या वेळापत्रकातून सिद्ध करता येई. मधे घाट होता, ओढे होते, साहेब होते. आता मधे बावीस पावलं होती आणि एक नियम. आतल्या खोलीत दोन उशा होत्या. त्यातली एक रोज सकाळी होती तितकीच फुगलेली दिसे. लताबाई तिच्या अभ्र्याची बाजू बदलत, म्हणजे ती वापरात आहे असं वाटावं. कुणाला वाटावं, ते त्यांनाही सांगता आलं नसतं.

तंबूत मात्र वर्दळ वाढली. वसाहतीतले निवृत्त लोक तिथं जाऊन बसू लागले. रेशनच्या कचेरीतून निवृत्त झालेले, टपालातले, प्रेसमधले. सगळे घरातून उठवलेले. आत मल्हारी चहा पाजी, हरसूलच्या बाजारच्या गोष्टी सांगे, पेठच्या डोंगरात साहेब वाट चुकून तीन दिवस एकाच टेकडीला प्रदक्षिणा घालत होता ती हकीगत सांगे. हशा पडवीपर्यंत येई. लताबाईंना ती हकीगत कुणी सांगितली नव्हती. घरी असताना मल्हारी दोन वाक्यं बोले. एक, "चहा झाला का?" आणि दुसरं, "बरं." त्यातलं दुसरं कशालाही चाले.

जुलैच्या शेवटी उघडीप पडली. आठ दिवस कडक ऊन. तिसऱ्या दिवशी लताबाई ताट घेऊन गेल्या तेव्हा त्यांनी सहज म्हणून कनातीला हात लावला. कापड पापडासारखं कडकडलं.

"वाळला की हो."

मल्हारीनं ताटाकडं पाहत मान हलवली. "वरून वाळलाय. शिवणीत दमट हाय. भाऊसाहेब शिवणच बघतात."

"मग उद्या?"

"बघू."

उद्या शिवण दमट होती. परवाही दमट होती. लताबाईंनी स्वतः दोन बोटं घालून पाहिली. खरंच ओल होती. सगळ्या नाशकात कपडे वाळत होते, कुरड्या वाळत होत्या, माणसं वाळत होती, आणि या एका शिवणीत मात्र पाणी होतं. बालवाडीत चाळीस वेळा "बाई, मी नाय केलं" ऐकलेल्या बाईला एवढ्यावरून कळायला हवं होतं. पण माणूस दुसऱ्याच्या पोरांच्या बाबतीत जितका हुशार असतो तितका घरच्यांच्या बाबतीत नसतो.

शनिवारी बालवाडी लवकर सुटली. लताबाई अकरालाच प्लॉटच्या मागच्या अंगानं आल्या. मल्हारीची पाठ त्यांच्याकडं होती. त्याच्या एका हातात बादली होती, दुसऱ्या हातात तांब्या. तो शिवणीवर पाणी सोडत होता. ओतत नव्हता, थेंबाथेंबानं, बोट आडवं धरून, लेकराच्या डोक्यावर घालावं तसं. एक शिवण झाली की पुढची. मधेच थांबून त्यानं आभाळाकडं पाहिलं. ढग नव्हता. त्यानं सुस्कारा टाकला आणि बादली उचलली.

 लताबाई आल्या तशा मागं फिरल्या, लांबून वळसा घालून पुढच्या बाजूनं घरात गेल्या आणि दार लावून बसल्या. स्टोव्ह पेटवला नाही. आजवर त्यांचं भांडण घाटाशी होतं, खात्याशी होतं, साहेबांशी होतं. आता समजलं की त्या सगळ्या बिचाऱ्यांचा यात काही संबंध नव्हता. सवत असती तर निदान तिचं नाव घेऊन बोटं मोडता आली असती. तंबूच्या नावानं कशी बोटं मोडणार?

रविवारी बारा वाजले, एक वाजला. ताट गेलं नाही. मल्हारी तंबूत वाट बघत बसला. पाहुणे मंडळी आपापल्या घरी रविवारचं जेवून झोपली होती. दीडला त्याला बाहेर मोगरीचा आवाज आला.

ठक. ठक.

"कोण हाय?"

 पुन्हा ठक. लताबाई दोन महिने पडवीतून बघत होत्या. मेख आडवी ठोकून सैल करायची आणि वर उपसायची एवढं त्यांना कळलं होतं. कळलं नव्हतं ते एवढंच, की एका बाजूच्या सगळ्या मेखा ओळीनं काढायच्या नसतात. आठवी निघाली तसा तंबू एकदा शहारला, म्हाताऱ्या उंटासारखा एका अंगावर कलला आणि दोन्ही खांब, आडवं लाकूड, दुहेरी कापड यांसह मल्हारीवर बसला.

विमलाबाईंच्या खिडकीतून "अगं बाई!" ऐकू आलं आणि खिडकी पुरती उघडली.

कापडाखाली मधोमध एक उंचवटा हलला.

"लागलं का?" लताबाईंनी विचारलं.

"नाय." मग जरा वेळानं, "कोण?"

"मी."

"मी कोण?"

"तुमची बायको. आठवते का?"

उंचवटा हलायचा थांबला. बाहेर यायची काही चिन्हं दिसेनात. लताबाई मोगरी घेऊन त्याच्याजवळ उकिडव्या बसल्या.

"काल मी बघितलं तुम्हाला," त्या म्हणाल्या. "बादली आन् तांब्या."

लताबाईंच्या तोंडी 'आन्' फार वर्षांनी आलं होतं. बालवाडीत त्या 'आणि' म्हणत.

 मग आवाज आला, जाड कापडातून येतो तसा, लांबून.

"घरात मला कुठं बसावं ते कळत नाय."

"म्हणजे?"

"म्हणजे तुझं सगळं बरोबर चाललेलं असतं. डबे, मशीन, पाण्याची येळ. मी कुठंबी बसलो की तू झाडू घेऊन उभी राहतेस. बोलत नाहीस काय. पण उभी राहतेस. मला वाटतं, हिला झाडायचंय, उठावं." थोडं थांबून, "रजेवर यायचो तवा ठीक होतं. पाहुण्याला जायची तारीख असते. आता तारीखच नाय."

लताबाई जमिनीकडं बघत राहिल्या. मेखांच्या जागी आठ भोकं पडली होती.

"आन् आणिक एक सांगतो," उंचवटा म्हणाला. एकदा तोंड झाकलं की माणूस खरं बोलतो, असं दिसतं. "पावसाळ्यातली नदीवरची ड्यूटी... ती मला कुणी लावत नव्हतं. मीच मागून घ्यायचो."

हे मात्र लताबाईंना लागलं. तीस पावसाळे त्यांनी खात्याला शिव्या दिल्या होत्या, आणि एका कोडग्या खात्याचा तळतळाट फुकट घेतला होता. त्यांनी मोगरी उचलली. विमलाबाई खिडकीत पुढं झुकल्या. पण त्यांनी मोगरी नुसती दुसऱ्या बाजूला ठेवली.

"मी पण सांगू?" त्या म्हणाल्या. "तुमचं कार्ड आलं, की येतोय म्हणून, की मी दोन दिवस आधी घर सारवायची. तुम्ही आलात की पहिले दोन दिवस बरं वाटायचं. तिसऱ्या दिवशी वाटायचं, आता हे कधी जातात."

"व्हय?"

"हो. आणि गेलात की चौथ्या दिवशी रडायची. स्टोव्ह पेटवून. म्हणजे शेजारी ऐकू नको जायला."

"मला कधी बोलली नाहीस."

"तुम्ही 'बरं' म्हणाला असतात."

कापड हललं. बहुधा आतून मान हलली असावी. मग एका कडेनं मल्हारीचं डोकं बाहेर आलं, टोपी गेलेली, कपाळाला धूळ. त्यानं पहिल्यांदा बायकोकडं पाहिलं नाही. त्यानं उपटलेल्या मेखांची ओळ पाहिली आणि त्याला राहवलं नाही.

"एक इकडची, एक तिकडची काढतात," तो म्हणाला. "समोरासमोर."

"मला कोण शिकवणार होतं?"

"ये. तिकडून धर."

उरलेल्या सोळा मेखा त्यांनी समोरासमोर काढल्या. खांब वेगळे केले. मग कापड पसरलं, खालची ओल उन्हाला दिली आणि दोघं त्याच्या दोन कडांना बसून राहिले, मधे सगळा तंबू. तासाभरानं मल्हारीनं शिवण चाचपली. लताबाईंनी त्याच्यामागून चाचपली. त्यांचा आता विश्वास राहिला नव्हता. कोरडी होती.

घडी करायला चार माणसं लागतात. दोघांनी केली. मल्हारी साहेबांच्या पार्टीवर बोले तसा बोलू लागला, "टोक धर. वर. ताण. आता माझ्याकडं ये." लताबाई टोकं घेऊन त्याच्याकडं गेल्या, त्याच्या हातात दिली, खाली वाकून घडी उचलली, पुन्हा मागं गेल्या. चार वेळा. दोघांनी मिळून केलेलं हे आयुष्यातलं पहिलंच काम होतं, मैना सोडली तर.

"झालं हो बाई," विमलाबाई खिडकीतून कुणालाही उद्देशून म्हणाल्या. "कॅम्प उठला."

सोमवारी मल्हारीनं हातगाडी केली आणि तंबू स्टोअरला नेला. भाऊसाहेबांनी शिवणीत बोटं घातली, नाकाशी नेली, "पास" म्हणाले, पावती फाडली आणि तंबू नेऊन गळक्या पत्र्याखाली ठेवला. मल्हारीनं ते पाहिलं. तो काही बोलणार होता. पण तंबू आता त्याच्या नावावर नव्हता.

इकडं लताबाईंनी बालवाडीत मुलांना सुटीचं गाणं लवकर म्हणायला लावलं आणि दिवसभर मनात एक वाक्य जुळवलं. तीस वर्षांचं वाक्य. त्यात काहीही राहायला नको होतं. घर तुमचं आहे हे यायला हवं. मी झाडू घेऊन उभी राहिले तरी उठायचं नाही हे यायला हवं. पावसाळ्यांचा राग येऊन जायला हवा, आणि 'तरीही' हा शब्द कुठंतरी हवा. घरी येईपर्यंत वाक्य चांगलं लांब आणि भरदार झालं होतं.

पाचच्या सुमाराला मल्हारी आला. चपला दाराबाहेर काढल्या, त्या पुन्हा आत घेतल्या, मग पुन्हा बाहेर ठेवल्या. आत येऊन कॉटच्या अगदी कडेवर बसला, दोन्ही हात गुडघ्यांवर, डॉक्टरकडं नंबर लावल्यासारखा. समोरच्या दारातून रिकामा प्लॉट दिसत होता. मधे पिवळ्या पडलेल्या गवताचा एक चौकोन होता आणि भोवती चर. तो तिकडं बघत राहिला. लताबाई ओट्याशी पाठमोऱ्या उभ्या होत्या. त्यांनी स्टोव्ह मुद्दाम पेटवला नव्हता. खोली इतकी शांत होती की दोन माणसांचा श्वास वेगवेगळा ऐकू येत होता, आणि त्या घराला त्यातल्या एकाचीच सवय होती.

लताबाई वळल्या. त्यांनी पदर सावरला.

"अहो, ऐका..."

"मैनाची आई," मल्हारी त्याच वेळी म्हणाला. तो उठून उभा राहिला होता. "एक सांगू का? रागावू नको."

लताबाईंचं वाक्य तिथंच थांबलं. तीस वर्षांत या माणसानं असं कधी विचारलं नव्हतं. "सांगा ना," त्या म्हणाल्या.

मल्हारीनं घसा खाकरला. खोलीत एकवार इकडंतिकडं पाहिलं.

"प्यायचं पाणी कुठं असतं," तो म्हणाला, "ते जरा दाखवून ठेवतेस का?"